कलम कुणाच्या हाती?

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. त्यासाठी सहा जिल्ह्यांतील वकिलांनी दशकानुदशके लढा दिला. त्यांचा आनंद रास्तच आहे. ज्या शहरात १९२९ साली 'प्रभात' स्थापन झाली, तिथल्या तरुण वकिलांना आता माध्यम आणि मनोरंजन कंपन्यांचे खटले लढवण्याची झगमगती शाखाही खुणावेल. खुशाल खुणावो. आमचा प्रश्न साहित्याच्या अध्यापकांना आहे : ही वकिली मुळात कशाची आहे, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

आर. जी. आनंद यांनी आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' (१९५६) हा चित्रपट उचलला, असा दावा लावला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कल्पना, विषय, कथानक यांवर कुणाची मालकी नसते, मालकी अभिव्यक्तीवर असते. आणि दोन्ही कृती पाहिलेल्या प्रेक्षकाच्या मनावर नकलेचा निःसंशय ठसा उमटतो की नाही, ही कसोटी, असे न्यायालयाने सांगितले. आशय आणि अभिव्यक्ती यांचा हाच भेद आपण पदव्युत्तर वर्गांत वर्षानुवर्षे शिकवतो. फरक इतकाच की तिथे त्यावर गुण मिळतात, आणि इथे त्यावर लेखकाचा हक्क ठरतो. कंपनीचा वकील हा भाडोत्री समीक्षक असतो, आणि तो आपल्यापेक्षा बारकाईने वाचतो.

कायदा लेखकाच्या विरुद्ध आहे, असेही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ नुसार लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात त्याला दावा लावता येतो. कलम १९ म्हणते की करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. २०१२ च्या दुरुस्तीने तर चित्रपटासाठी लिहिणाऱ्याचा चित्रपटगृहाबाहेरील वापरावरचा मानधनाचा वाटा सहीनिशीही सोडून देता येणार नाही, असा बंदोबस्त केला.

मग घडते काय? 'कायमस्वरूपी', 'विश्वभर' हे दोन शब्द करारात येतात, आणि कलम १९ ची ढाल गळून पडते. 'वाद मुंबईच्या न्यायालयातच' अशी एक ओळ येते, आणि घराजवळचे न्यायालय दूर जाते. शाहूपुरीतला किंवा गडहिंग्लजचा कथाकार पहिल्या धनादेशाच्या हर्षात सही करतो. बेंच दारात आले खरे. दाराची किल्ली मात्र त्याने आधीच देऊन टाकलेली असते.

यावर कुणी म्हणेल की वकील आपल्या अशिलाचे हित पाहतो, यात त्याचा दोष काय? काहीच नाही. खोटे दावे लावणारे लेखकही असतात, आणि कंपनीलाही बचावाचा अधिकार आहे. आमचा रोख त्याच्यावर नाही. तो आपले काम चोख करतो. आपण आपले केलेले नाही. 'लेखकाचा मृत्यू' या संकल्पनेवर आपण टिपा लिहून घेतो, आणि जिवंत लेखकासमोर ठेवलेली चार पानी संहिता वाचायला कुणालाच शिकवत नाही. व्यवहार हा साहित्याबाहेरचा विषय, ही आपली जुनी सोवळी समजूत. तिची किंमत विद्यार्थी मोजतात, कारण त्यांच्यातलेच काही उद्या मालिकांचे संवाद लिहिणार आहेत.

सबब आमची मागणी साधी आहे. शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागाने आणि शहरातील विधी महाविद्यालयाने मिळून एक अभ्यासपत्रिका आखावी. तीत न्यायनिवाडे समीक्षेसारखे वाचावेत, आणि करारनामा कवितेसारखा : शब्द न् शब्द तोलून, काय लिहिले आहे आणि काय मुद्दाम गाळले आहे ते पाहून. कंपन्यांना वकील मिळतीलच. लेखकाच्या बाजूने वाचणारा माणूस मात्र घडवावा लागतो, आणि ते काम आपले आहे.