क्रूझवर जाताना काय काय न्यावे?

गेल्या आठवड्यात फोंड्याहून एका स्नेह्यांचा फोन आला. पती-पत्नी दोघेही नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले. मुलाने त्यांच्यासाठी भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ ठरवली आहे. "भाऊ, तुम्ही जाऊन आलात. काय काय न्यायचे ते एकदा सांगा," असे ते म्हणाले, आणि मागून वहिनींचा आवाज आला, "आधी जेवणाचे विचारा!" वहिनींची यादी तयारच होती. बेसनाचे लाडू, चकल्या, पोहे, लिंबाचे लोणचे आणि पाणी तापवायला एक छोटी विजेची किटली.

मला ठाऊक होते ते मी सांगितले. किटली, इस्त्री, शेगडी यांतले काहीही नेऊ नका. बॅगा तपासताना ते काढून ठेवतात, आणि बरोबरच करतात. भर समुद्रात आग लागली तर अग्निशामक दलाचा बंब येत नाही. घरी केलेले पदार्थ बऱ्याच कंपन्या बोटीवर चढवू देत नाहीत. बंद पाकिटातले कोरडे खाणे सहसा चालते. पासपोर्टाची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने असू द्या. बोट शेंगेनबाहेरच्या बंदराला जाऊन परत येणार असेल तर व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. बोट सुटायच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचा, कारण विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, तेव्हा औषधे, कागदपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. 'फॉर्मल नाइट'ची धास्ती घेऊ नका. चांगली साडी नेसलेल्या बाईला कुठल्याच भोजनगृहाच्या दारात कुणी अडवत नाही.

"आणि सोमवारचे काय?" वहिनींनी विचारले. प्रश्न अस्सल गोव्याचा! शाकाहारी जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवता येते. वार पाळायचा असेल तर रविवारी रात्रीच टेबलावरच्या वेटरला सांगून ठेवावे. तो दुसऱ्या दिवसाची व्यवस्था करतो.

फोन ठेवला आणि काहीतरी सांगायचे राहिले असे वाटत राहिले. खरे म्हणजे राहिले नव्हते, मी ते टाळले होते. ते आज लिहितो.

खाणे बांधून नेण्याची आपली सवय मुंबई-पणजी बोटीच्या काळापासूनची. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी ज्यांना आठवतात त्यांना भाऊच्या धक्क्यावरची ती गर्दीही आठवेल. डेकवर चटई पसरायची, ट्रंक उशाला घ्यायची आणि रात्र पडली की शिदोरी सोडायची. एकाची भाकरी दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याची सुकी भाजी तिसऱ्याच्या पानात. त्या डेकवर यजमान कुणी नव्हता आणि पाहुणाही कुणी नव्हता. क्रूझवर तसे नसते. तिथे आपण जेवायला बसतो आणि दुसरा कुणी तरी आपल्याला वाढत असतो. ही गोष्ट साधी आहे, पण तिची तयारी आपण करत नाही.

आम्ही २०१४ साली बार्सिलोनाहून निघालो होतो. एका सहल मंडळाबरोबर तीस-पस्तीस जण. जेवणाच्या दोन पाळ्या होत्या. आमची पहिली, टेबल ठरलेले, वेटरही ठरलेला. पहिल्याच रात्री सूप ठेवता ठेवता त्याने आमच्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "खंयचे तुमी?" सौ.च्या हातातला चमचा तसाच राहिला! तो कुंकळ्ळीचा, ख्रिस्ती, अकरा वर्षे दर्यावर. त्यानंतरच्या प्रत्येक रात्री न सांगता आमच्यासमोर भात-डाळ, कांदा, लिंबू आणि हिरव्या मिरच्या येत गेल्या. आमच्या मंडळींना त्याचा केवढा अभिमान! "आपला माणूस आहे," असे आम्ही शेजारच्या टेबलांना सांगत होतो.

शेवटच्या रात्री केबिनच्या दाराखाली हिशेबाचा कागद आला. त्यात दिवसाला माणशी काही युरो 'सेवाशुल्क' धरलेले होते. आमच्यातल्या एका माहितगाराने सांगितले, "हे सक्तीचे नाही. खाली काउंटरवर सांगितले की काढून टाकतात." रांग लागली. मीही उभा राहिलो, आणि दोघांचे सात दिवसांचे ते पैसे काढून घेतले. वर येऊन सौ.ला सांगितले तेव्हा काहीतरी हुशारी केल्यासारखे वाटत होते. सकाळी नाश्त्याला तो भेटला, बॅगा नीट पोचल्या का म्हणून विचारले, "देव बरें करूं" म्हणाला. त्याच्या हातात आम्ही नाचणीच्या बिस्किटांचा उरलेला पुडा दिला.

त्या वर्षीच्या चतुर्थीला शेजारचा एक मुलगा सुट्टीवर आला होता. हॉटेल मॅनेजमेंट करून तोही क्रूझवर लागलेला. आरती झाल्यावर गप्पांत मी सेवाशुल्काची गोष्ट गमतीने सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "काका, आमचा मूळ पगार थोडा असतो. घरी पाठवतो ते बहुतेक त्यातलेच." अधिक काही बोलला नाही. मला तेव्हा ध्यानात आले की कुंकळ्ळीच्या त्या माणसाचे आडनावसुद्धा मी विचारले नव्हते. सात रात्री त्याच्या हातचे जेवलो आणि 'आपला माणूस' म्हणत राहिलो.

यावर थोडा विचार केला तर मूळ बरेच मागे जाते. बोटीवरचे स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून गोमंतकीयांचे नाव ब्रिटिशांच्या काळापासून आहे. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर भोजनगृहाचे खाते गोवेकरांनी सांभाळले. बोट मिळेपर्यंत मुंबईत राहायचे म्हणून धोबीतलाव, माझगाव भागात गावागावाच्या 'कुडी' उभ्या राहिल्या. हे बहुतेक सगळे ख्रिस्ती बांधव. त्यांना कुठलेही मांस शिजवायला अडचण नव्हती, आणि आम्हा हिंदूंना तर समुद्र ओलांडला की प्रायश्चित्ताची भीती! त्यामुळे 'तारवटी' हा शब्द मराठी वाचणाऱ्या घरांत दुसऱ्याच्या अंगणातला राहिला. त्याच्या घरी आलेला रेडिओ आम्ही पाहिला, विदेशी साबणाचा वास घेतला, पण तो तिकडे कुठे झोपतो, किती तास उभा असतो हे आम्ही कधी विचारले नाही. आज हिंदू घरांतली मुलेही त्याच गॅलीत उभी आहेत. प्रश्न विचारायला तेवढे निमित्त तरी आता पुरेसे व्हावे.

तर तिकडे काय असते? प्रवाशांच्या मजल्यांखाली बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कामगारांचा एक लांब बोळ असतो. अमेरिकी प्रवाशांच्या बोटींवर त्याला तिकडच्या महामार्गावरून 'आय-९५' म्हणतात. करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा. त्या काळात आठवड्याची सुट्टी नाही. पाळी तुकड्यातुकड्यांची, सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, रात्रीच्या दोन पंगती. नावाड्यांच्या हक्कांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१३ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यातला विश्रांतीचा नियम वाचण्यासारखा आहे. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, ती फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा निदान सहा तासांचा. आठवड्याला ७७ तास. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांतले ९१ तास कामात गेले तरी या नियमाला बाध येत नाही. हे कामगाराच्या रक्षणासाठी केलेले किमान आहे, हे लक्षात घ्या! रात्री साडेनऊला आपण 'आणखी एक आइस्क्रीम' म्हणून टेबल अडवून बसतो तेव्हा त्या सहा तासांतला एखादा तुकडा आपणच कुरतडत असतो.

आणखी एक गोष्ट. बोट सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना संकटकाळची कवायत करावी लागते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ माणसे गेली. त्यानंतर हा नियम कडक झाला. आमची मंडळी कवायतीला कुरकुरत गेली, कुणी केबिनमध्ये दडून बसायला पाहत होते. तिथे जाऊन पाहतो तर रांगा लावणारा, लाइफ जॅकेट कसे बांधायचे दाखवणारा आमचा तोच वेटर! आग विझवणे, प्रथमोपचार, पाण्यात तग धरणे यांचे शिक्षण घेतल्याशिवाय त्याला बोटीवर पाऊल ठेवता येत नाही. जो सूप वाढतो तोच प्रसंग आला तर आपल्याला होडीपर्यंत नेणार असतो.

आता ताटाविषयी. बुफे पाहिला की आपल्यातले काही जण लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे वागतात. पैसे भरलेत ना, मग घ्या! एका ताटात पिझ्झा, मासा, तीन प्रकारचे केक, आणि अर्धे तसेच टाकून उठायचे. त्या उष्ट्याचे पुढे काय होते? बरेचसे दळून समुद्रात सोडले जाते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे भूमध्य समुद्रात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत ते सोडता येत नाही, आणि २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके बारीक करावे लागते. ते गोळा करणारा, वेगळे करणारा, यंत्रात घालणारा माणूसही खालच्याच मजल्यावरचा. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांनी अर्धे ताट टाकून उठताना एवढे आठवावे. आणि बुफेपाशी जाण्याआधी हात साबणाने धुवावेत. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस बोटीवर पटकन पसरतो आणि नुसते जंतुनाशक द्रव चोळून तो नीट जात नाही. साथ आली की ती खोली-खोलीतून पुसून काढणाराही तोच वर्ग.

कुणी म्हणेल, पगार देणे हे कंपनीचे काम, ते प्रवाशाच्या गळ्यात का? हा प्रश्न रास्त आहे, आणि मी त्याच्याशी सहमत आहे. कंपनीने सरळ पुरेसा पगार द्यावा आणि तिकिटातच त्याची किंमत धरावी. पण त्या काउंटरवरच्या रांगेत उभे राहून कंपनीला धडा शिकवला जात नाही. कंपनीचा नफा जिथल्या तिथे राहतो. कमी होते ते कुंकळ्ळीच्या घरी जाणाऱ्या रकमेतून. कंपनीशी भांडायचे तर परत आल्यावर पत्र लिहावे, पुढच्या वेळी सेवाशुल्क तिकिटात धरणारी कंपनी निवडावी. तशा कंपन्या आहेत. 'सेवा आवडली नाही' असे खरोखर वाटले तर तसे तोंडावर सांगावे. मला तर सेवा आवडली होती!

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये बोटी बंदराबाहेर थांबल्या, प्रवासी घरी पोचले आणि कामगार अडकून पडले. गोव्यातल्या कितीतरी घरांत आई-बायका फोन उशाशी घेऊन बसल्या होत्या. मुंबईसमोर येऊन उभी राहिलेली बोट, आणि तरी मुलाला खाली उतरता येत नाही, हे आमच्या शेजारच्या घरात मी पाहिले. त्या दिवसांत मला सारखा तो वेटर आठवत होता. तो कुठल्या बोटीवर होता, सुखरूप घरी आला का, हे विचारायलाही माझ्याकडे नाव नव्हते.

म्हणून मी काल फोंड्याला पुन्हा फोन केला. लाडू आणि चकल्या घरीच ठेवा, लोणचे तर मुळीच नको, ते साडीवर सांडते. पहिल्या रात्री वेटरचे पूर्ण नाव आणि गाव विचारा. ताटात खाल तेवढेच घ्या, आणि दुसऱ्या पाळीची वेळ झाली की उठा. शेवटच्या रात्री हिशेबाचा कागद आला की तो वाचून घडी करून ठेवा, खाली काउंटरवर जाऊ नका.

वहिनींनी विचारले, "आणि तो आमच्या गोव्याचा नसला, फिलिपिन्सचा किंवा इंडोनेशियाचा असला तर?"

मी म्हटले, त्याचेही गाव असतेच.