गोम घोड्यात नाही, मालकात आहे

मंडळी, दत्तजयंती जवळ आली की आमच्या खानदेशात एकच विषय असतो. सारंगखेड्याचा घोडेबाजार! शहादा तालुक्यातले हे तापीकाठचे गाव. एकमुखी दत्ताची यात्रा भरते, राजस्थान, गुजरात, पंजाबातून घोडे येतात आणि वर्तमानपत्रांत दरवर्षी तीच बातमी येते. अमुक घोड्याला इतक्या लाखांची बोली, तमुक घोडा कोटीचा. सोबत हार घातलेल्या घोड्याचा फोटो. त्याच्या खुरांचा फोटो मात्र मी आजवर एकाही बातमीत पाहिलेला नाही.

‘यातली खरी गोम अशी’ असे आपण सहज म्हणतो. हा शब्द जनावरांच्या बाजारातलाच. गोम म्हणजे अंगावरचा केसांचा भोवरा किंवा उलटी रेघ. ती कुठे आहे यावरून घोडा शुभ की अशुभ ते ठरवायचे. गळ्याशी देवमण असला की धन्याची भरभराट, डोळ्याखाली आसूढाळ असला की घरात रडारड. चारी पाय आणि तोंड पांढरे असले की पंचकल्याणी, मग भाव वेगळाच. लाखो रुपये मोजणारी शिकलीसवरलेली माणसेही आधी भोवरे मोजतात. अहो, केसांची ठेवण जन्मताच ठरते. तिचा ना घोड्याच्या पोटाशी संबंध, ना तुमच्या तिजोरीशी.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. घोडा अशुभ नसतो, अडाणी मालक अशुभ असतो. घोड्याच्या जिवाला अपाय होतो तो भोवऱ्यामुळे नाही, मालकाच्या हौसेमुळे.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरी असेच झाले. पंचकल्याणी घोडी, देखणी. दारात आखूड दोरीने बांधलेली. येईल तो पाहुणा कौतुकाने ओंजळभर हरभरे घालायचा, वर गूळ. एके दिवशी ती पाय आपटू लागली, सारखी वळून कुशीकडे पाहू लागली, लोळू लागली. लीद बंद. ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या. मग कुणीतरी बांबूच्या नळीने तेल पाजले. डॉक्टरला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. घोडी गेली. आणि घरात चर्चा काय, तर पाठीवरचा भोवरा आपण नीट पाहिला नव्हता!

हा पोटशूळ होता, दृष्ट नव्हे. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले जड अन्न वर काढायचा मार्गच त्याला नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि त्यात पाचक आम्ल सतत पाझरते, म्हणून मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरत असतो. ४०० किलोच्या घोड्याला रोज ६ ते ८ किलो सुके गवत लागते आणि २५ ते ४० लिटर पाणी, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. चंदी द्यायची ती कामाच्या मानाने. काम नाही आणि दाणा भरपूर, याने पोट बिघडते, खुरांच्या आतला भाग सुजतो आणि घोडा कायमचा लंगडू शकतो. जबरदस्तीने पाजलेले तेल फुप्फुसात गेले तर आणखी एक संकट. लोळणाऱ्या घोड्याला एकच औषध, ताबडतोब पशुवैद्य.

अकबर-बिरबलाचे कोडे आपण शाळेत शिकलो. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एक, न फिरवल्यामुळे. हे कोडे पोरांना घालायचे आणि दारातला घोडा महिनोन् महिने अगाडी-पिछाडी बांधून ठेवायचा, याला काय म्हणावे?

कुणी म्हणेल, ‘मास्तर, आपल्या पूर्वजांनी काय कमी घोडे पाळले?’ पाळले ना! पण त्यांच्या पागेत मोतद्दार होता, रोज खरारा होता, नालबंद होता. आपण त्यांची मिरवणूक तेवढी उचलली, पागा सोडून दिली. पशुगणनेत २०१२ साली देशात घोडे आणि तट्टे सव्वासहा लाख होती, २०१९ साली ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास आली. घोडेच कमी झाले तर जाणता नालबंद गावोगाव कुठून मिळणार? खूर मात्र वाढायचे थांबत नाहीत. दर सहा-आठ आठवड्यांनी ते कापावे लागतात. दातांना धार येते, म्हणून वर्षातून एकदा दात तपासून घासून घ्यावे लागतात. धनुर्वाताची लस टोचावी लागते.

‘आमचा पैसा, आमचा घोडा’ म्हणणारेही भेटतात. त्यांनी कायदा वाचावा. १९६५ च्या नियमांनुसार काटेरी लगाम वापरता येत नाही. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही आणि ३७ अंशांवर ऊन असेल तर दुपारी १२ ते ३ कामाला जुंपता येत नाही. पण १९६० च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! कोटीच्या घोड्याच्या छळाची किंमत पन्नास रुपये. कायदाच असा असल्यावर लाज मालकालाच वाटायला हवी.

हौसेला माझा विरोध नाही. सारंगखेड्याचा बाजार आमचा अभिमान आहे, तो भरावा, वाढावा. पण घोडा घेणाऱ्याने विकणाऱ्याला भोवरे विचारण्याआधी एवढे विचारावे. चाल दाखवा, चारी खूर उचलून दाखवा, दात दाखवा, लस कधी टोचली, रोज काय खातो? आणि मग स्वतःला विचारावे, याला रोज फिरवायला माझ्या घरी कोण आहे? उत्तर ‘कुणी नाही’ असेल तर घोडा पाहावा, फोटो काढावा आणि भरीत-भाकरी खाऊन घरी यावे.

आपल्या नात्यागोत्यातही एक-दोघे यंदा घोडा घ्यायच्या विचारात आहेत असे कानावर आले आहे. हे त्यांनी जरूर वाचावे. राग आला तरी चालेल.