घरांतील यंत्रें : नवे भाग, जुनाच रोग

मोटार बंद पडली म्हणजे घरांतील प्रत्येक माणूस वैद्य होतो. कोणी बॅटरीचें नांव घेतो, कोणी सेल्फचें, कोणी पेट्रोलांत पाणी गेल्याची शंका काढतो. आणि ज्याचा आवाज मोठा त्याचें निदान मान्य होऊन नवा भाग विकत आणला जातो. तो बसवूनहि मोटार हलली नाहीं, तर दुसरा भाग, मग तिसरा! या महिन्यांत अशाच एका मोटारीची हकीकत सांगणार आहें. ती मोटार आमच्याच घरची; आणि हकीकतींतील मुख्य चूक मोटारीची नसून आमची होती, हें आरंभींच कबूल करून टाकतों.

आमचें घर भंडाऱ्यास आणि थोडी भातशेती साकोलीच्या बाजूस. रोवणीच्या दिवसांत कारध्याचा पूल ओलांडून शेतावर जावें, आणि दवाखान्याचें मोठें काम निघालें म्हणजे उलट दिशेस सुमारें ६० किलोमीटरांवरील नागपुरास जावें, यासाठीं घरांत २०१० सालची एक लहान पेट्रोल मोटार आहे. ती चालवितात मुख्यतः आमच्या वहिनी. गेल्या श्रावणांत ती एके सकाळीं सुरू होईना. शेजारच्या गॅरेजांतील तरुण मिस्त्रीनें बॅटरी तपासली. ती जुनी होऊन खरोखरच संपली होती. त्यानें नवी बसविली आणि मोटार सुरू झाली. पंधरा दिवसांनीं मात्र चावी फिरवतांच नुसता ‘टक्क’ आवाज होऊन सगळें स्तब्ध! पुढचे दिवे लख्ख, भोंगा खणखणीत, पण इंजिन फिरेना.

दादांनीं तत्काळ निकाल दिला : “पोरानें जुनी बॅटरी गळ्यांत मारली.” चार लोकांदेखत ते त्याला तसें बोलले. पोरगा एवढेंच म्हणाला, “भाऊ, मला एकदा गाडी पाहूं तर द्या.” पण दादा परत फिरले. दुकानदाराकडून बॅटरी बदलून आणली, मोटार तशीच. नागपुराहून नवा सेल्फ आणला. तो लावल्यावर मोटार दोन दिवस चालली आणि पुन्हा टक्क! मग अल्टरनेटर बदलला. सगळें मिळून वीस हजारांच्या आसपास गेले. आमच्या आत्यांच्या डोळ्यांतील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची नागपूरची तारीख होती, त्या पहाटेंहि मोटारीनें दगा दिला. भाड्याची गाडी मिळेपर्यंत वेळ टळली, आणि आत्यांना पुढील तारीख तीन आठवड्यांनीं मिळाली. त्या तीन आठवड्यांत भिंत चांचपत स्वयंपाकघरांत येणाऱ्या आत्या पाहून दादांचाहि आवाज उतरला.

शेवटीं वहिनींनीं कोणाला न विचारतां त्या मिस्त्रीला बोलाविलें. त्यानें बॉनेट उघडण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला : “वहिनी, गाडी चालवतांना कांहीं वेगळं जाणवलं होतं का?” वहिनी म्हणाल्या, “ॲक्सिलरेटरचं पायडल जड झालंय. पहिल्या दिवसापासून सांगतेय मी. कोणी ऐकलं नाहीं.” पोरगा हंसला. त्यानें जंप देण्याची एक जाड तार घेतली, तिचें एक टोंक बॅटरीच्या ऋण ध्रुवाला व दुसरें इंजिनच्या उघड्या धातूला लावलें, आणि म्हणाला, “मारा सेल्फ.” इंजिन पहिल्या झटक्यास सुरू झालें. बदललेल्या तीन भागांपैकीं एकहि रोगी नव्हता. अर्थात् ती पहिली बॅटरी सोडून.

असें कां झालें, हें समजून घेणें कठीण नाहीं. बॅटरींतून निघालेली वीज धन तारेनें सेल्फपर्यंत जाते. परंतु तिला परत बॅटरीकडे यावयास हवें. परतीची वेगळी तार सेल्फला नसते. सेल्फ इंजिनला बोल्टांनीं जखडलेला असतो. त्याच्या अंगांतून वीज इंजिनांत, इंजिनांतून तांब्याच्या तारांच्या एका विणलेल्या पट्टीनें मोटारीच्या सांगाड्यांत, आणि सांगाड्यांतून बॅटरीच्या ऋण ध्रुवांत येते. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असल्यामुळें ही पट्टीच त्याचा सांगाड्याशीं खरा विद्युत्संबंध जोडते. आमच्या मोटारीची ती पट्टी सांगाड्याच्या बोल्टापाशीं गंजून पांढऱ्या-हिरव्या भुकटीनें भरली होती. चिखलाच्या रस्त्यावरून चार महिने पाणी उडत असतां दुसरें काय व्हावयाचें?

मग दिवे कां लागत होते? याचें उत्तर ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं मांडलेल्या नियमांत आहे. वाटेंतील रोध जेवढा आणि प्रवाह जेवढा, त्यांच्या गुणाकाराइतका दाब तेथें खर्च होतो. गंजलेल्या सांध्याचा रोध अवघा ०.०४ ओहम धरा. एक अँपिअर घेणारा लहान दिवा त्या वाटेनें जळाला तर फक्त ०.०४ व्होल्ट बुडतो, तो कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. पण सेल्फला शंभर अँपिअर लागले, तर त्याच सांध्यांत ४ व्होल्ट जातात! शिवाय आमचे दिवे सांगाड्यालाच जोडलेले असल्यानें त्या नादुरुस्त पट्टीशीं त्यांचा संबंधहि नव्हता. म्हणून ‘दिवे लागतात, अर्थात् वीज ठीक आहे’ हा युक्तिवाद फसवा ठरतो.

आणि तें जड पायडल? सरळ वाट अडली म्हणजे वीज मिळेल त्या आडवाटेनें परतते. इंजिनापासून सांगाड्यापर्यंत जाणारी ॲक्सिलरेटरची पोलादी केबल ही अशीच एक आडवाट. सेल्फचा प्रवाह तींतून गेला म्हणजे ती तापते, तिच्या आंतील प्लॅस्टिकचें अस्तर वितळतें व केबल अडकूं लागते. रोगाचें नेमकें लक्षण वहिनींनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें. आम्हां पुरुषांच्या चर्चेंत त्याला जागा मिळाली नाहीं.

दुसरे दिवशीं पट्टी दुरुस्त करण्यापूर्वीं मी मल्टिमीटर घेऊन आंकडे टिपले. बॅटरीचा विसाव्याचा दाब १२.५ व्होल्ट. चावी फिरवून धरली असतां बॅटरीवर ११.९, धन तारेंत ०.३ खर्च, खुद्द सेल्फच्या वांट्यास ५.४, आणि इंजिन ते ऋण ध्रुव या परतीच्या वाटेंत ६.२! बेरीज बरोबर जुळली. म्हणजे निम्म्याहून अधिक दाब कमाई न करतां वाटेंतच बुडत होता. बोल्टाखालचा रंग व गंज काचकागदानें घांसून, नवी पट्टी आवळून बसविल्यावर तो आंकडा ०.२ वर आला. पट्टीची किंमत सेल्फच्या शतांशाइतकीहि नव्हती.

वाचकांच्या सोयीसाठीं तपासणीचा क्रम येथें देतों. प्रथम गिअर न्यूट्रलमध्यें व हॅंडब्रेक ओढलेला असावा. बांगड्या व अंगठ्या काढून ठेवाव्या. पदर, ओढणी पंख्याच्या व पट्ट्याच्या जवळ जाऊं देऊं नये. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ विस्तव नको. बॅटरी सोडवितांना ऋण तार आधीं काढावी व बसवितांना शेवटीं लावावी.

मग चावी फिरवून काय होतें तें पाहावें. कांहींच आवाज नाहीं आणि दिवेहि मंद, तर बॅटरी व तिचे ध्रुव पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यांत १२.६ च्या सुमारास असते, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. नवी बॅटरीहि दुकानांत पडून राहिली तर उतरते. आणि ध्रुवांची जाडी निराळी असल्यास जुन्या पकडी सैल बसतात. त्या हातानें हलतां कामा नयेत.

नुसता ‘टक्क’ आवाज व दिवे लख्ख, तर आमच्यासारखा प्रकार संभवतो : सेल्फ, त्याची जाड तार किंवा परतीची वाट. वर सांगितल्याप्रमाणें जादा तार लावून पाहणें ही याची सोपी कसोटी. ती ऋण ध्रुव व इंजिन यांच्यामध्येंच लावावयाची. धन ध्रुवाशीं तिचा संबंध येऊं देऊं नये.

टक्क आवाजहि नाहीं पण दिवे उत्तम, तर फ्यूज, रिले आणि क्लचखालील स्विच पाहावे. आपोआप गिअर बदलणारी मोटार असल्यास ‘पार्क’ किंवा न्यूट्रल सोडून इतर गिअरांत ती सुरूच होत नाहीं. इंजिन जोरानें फिरतें पण पेट घेत नाहीं, तर सेल्फ व बॅटरी निर्दोष समजून पेट्रोलचा पंप, ठिणगी आणि चावी ओळखणारा इममोबिलायझर यांकडे वळावें. मोटार आज सुरू होऊन उद्यां बॅटरी उतरत असेल, तर चालू इंजिनावर बॅटरीचा दाब मोजावा. तो साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असेल तर अल्टरनेटर आपलें काम करीत आहे, त्याला विनाकारण बदलूं नये.

१९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला, तोंवर हॅंडल फिरवितांना माणसांचे हात मोडत. त्या कष्टांतून आपण सुटलों, पण त्या सुटकेबरोबर एक आळसहि आला : मोजण्याऐवजीं बदलण्याचा. नवा भाग म्हणजे निदान नव्हे. तो फार तर एक महागडा प्रश्न होय.

आत्यांचा डोळा आतां उत्तम आहे. त्या पुन्हा स्वतः तांदूळ निवडतात. पट्टी बसविली त्या संध्याकाळीं दादा कोणाला न सांगतां चपला घालून बाहेर पडले. ते गॅरेजांत गेले, आणि ज्या चार लोकांदेखत बोलले होते त्यांच्याचदेखत म्हणाले, “पोरा, चूक माझी होती.” हें आम्हांस त्या मिस्त्रीकडूनच कळलें; दादा स्वतः त्याविषयीं आजतागायत बोललेले नाहींत. मात्र आतां मोटारींत कांहींहि बिघडलें कीं ते प्रथम वहिनींना विचारतात, “तुला काय जाणवलं?”