स्वस्त, जड आणि मस्त!

प्रत्येक ऑफिसात एक तरी गिटारवाला असतोच. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, शनिवारी रात्री डिस्टॉर्शन. आणि सध्या ह्या जमातीला नवा नाद लागलाय तो व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा. तोही विकतचा नाही बॉस, घरी बनवलेला! कारण सोपंय. व्हॉल्व्हवर जोर पडला की आवाज फाटत नाही, गोल होत होत चिरकतो. त्या चिरक्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

माझा मावसभाऊ ह्याच पंथातला. वाळूजच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर, सिडकोत एका खोलीत भाड्याने राहतो. त्यात गिटार, कूलर आणि तो. सर्किट त्याने ठरवलं होतं: दोन ईएल84, पुश-पुल. व्हॉल्व्ह मागवणं अवघड नव्हतं. मूठभर काच ती, कुरिअरने येते. स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथे ते अजून बनतात. गाडं अडलं ट्रान्सफॉर्मरवर.

का? तर ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं. बाहेरून मागवा, वजनावर कुरिअर लागणार, वर कस्टम. शिवाय अमेरिकेतला स्वस्तात दिसणारा माल असतो 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा. आपल्याकडे 230 आणि 50. स्टेप-डाऊन लावून व्होल्टेज जुळेल, हर्ट्झ नाही जुळत. 60 साठी काटकसरीने बनवलेला कोअर 50 वर जास्त तापतो.

मग एका रविवारी त्याचा फोन. ‘ताई, आजोबांचा रेडिओ खोलू का? आत दोन्ही ट्रान्सफॉर्मर असतील. नाहीतरी बंदच आहे.’

आता हा रेडिओ म्हणजे आमच्या घरातला देव्हाऱ्याखालोखालचा मान. पोस्टात लायसन्स भरायच्या काळातला. आजोबा गेले, पण त्याच्यावरचं क्रोशाचं कव्हर मावशी अजून दिवाळीला धुते. मी म्हटलं, खोलण्याआधी मागचा पुठ्ठा तेवढा काढ आणि व्हॉल्व्हची नावं वाच. इंग्रजी ‘ई’पासून सुरू होतात की ‘यू’पासून?

‘यू आहे. यूसीएच81, यूएल84...’

विषय तिथेच संपला. फंडा असा आहे: ‘ई’वाल्या व्हॉल्व्हचं हीटर 6.3 व्होल्टवर चालतं, त्यामुळे त्या सेटमध्ये सहसा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर सापडतो. ‘यू’वाल्या व्हॉल्व्हची हीटर एकामागे एक माळेसारखी जोडून थेट मेन्सवर चालवत. एसी आणि डीसी दोन्हीवर चालणारे हे सेट स्वस्त पडायचे, कारण त्यांत बहुतेक वेळा पॉवर ट्रान्सफॉर्मर नसायचाच! आतला पत्रा मेन्सच्या एका वायरला जोडलेला. म्हणजे खोलून मिळालं काय असतं? एका व्हॉल्व्हपुरता छोटा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, दोन व्हॉल्व्हच्या पुश-पुलला निरुपयोगी. आणि मावशीचे डोळे आयुष्यभर. घाट्याचा सौदा, यार.

जुने रेडिओ फोडणाऱ्या समस्त मित्रांनो, आधी पुठ्ठा काढा, नावं वाचा. (प्लग काढून. हे सांगायला लागू नये.)

तर मग स्वस्तात करायचं काय? आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अ‍ॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर दोन प्रकारची कामं करतात. पहिला मेन्स घेऊन व्हॉल्व्हला लागणारी व्होल्टेज बनवतो. दुसरा व्हॉल्व्हच्या आणि स्पीकरच्या मध्ये बसतो. व्हॉल्व्हला हजारो ओमचं ओझं हवं असतं आणि स्पीकर असतो 8 ओमचा, त्यांची सोयरीक हा जुळवतो. पहिल्यात तडजोड केली तर जिवावर बेततं. दुसऱ्यात केली तर मुख्यतः आवाज बदलतो.

पहिला घेऊ. दोन ईएल84 ची हीटर प्रत्येकी 0.76 अँपिअर खातात, दोन ईसीसी83 ची 0.3. बेरीज 2.12. टीव्ही-टेप दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा साधा 6-0-6, 3 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याचा अर्धा भाग वापरा. लोड लावून मीटरने मोजा. 5.7 ते 6.9 च्या मध्ये आलं की व्हॉल्व्ह खूश.

हाय व्होल्टेजसाठी जुनी, भन्नाट युक्ती: 12-0-12, 2 अँपिअरचे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून. पहिला 230 चे 24 करतो (दोन्ही टोकं घ्यायची, मधली वायर सोडायची), दुसरा उलटा जोडला की 24 चे परत वर नेतो. पूर्ण 230 येत नाहीत, साधारण 200 धरा. रेक्टिफाय केलं की 280 च्या आसपास डीसी, लोडवर अजून थोडं खाली. ईएल84 ची कमाल मर्यादा 300 आहे. अगदी चपखल!

मग मेन्सच थेट रेक्टिफाय केलं तर? तेही 325 व्होल्ट देतं, फुकट! नाही म्हणजे नाही. मधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे गिटारच्या तारा मेन्सपासून तुटलेल्या राहतात. गिटारची तार म्हणजे तुमचा हात, लक्षात ठेवा. ज्यांना दोनची जोडणी नको त्यांनी 230/230 चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर शोधावा, कंट्रोल पॅनेलवाल्यांना हे नाव नवीन नाही. फक्त व्होल्टेज 300 च्या वर जात नाही ना ते बघा.

आता दुसरा, आऊटपुटचा. इथे आपले मंडपवाले कामाला येतात! लग्नात, गणपतीत भोंगे 100 व्होल्टच्या लाइनवर चालतात आणि प्रत्येक भोंग्याला एक लाइन ट्रान्सफॉर्मर असतो. त्यावर वॉटचे आकडे लिहिलेले: 10, 5, 2.5, 1.25. हे आकडे ओममध्ये वाचायला शिका. 100 गुणिले 100, भागिले वॉट. 10 चा टॅप म्हणजे 1000 ओम, 5 चा 2000, 1.25 चा 8000.

ईएल84 च्या जोडीला 250 व्होल्टवर किती हवेत? डेटाशीट सांगतं 8000, आणि 11 वॉट मिळतील. जमलं की! आणि गंमत म्हणजे चौपट ओम म्हणजे दुप्पट वेढे, म्हणून 5 वॉटचा टॅप बरोब्बर मध्यावर येतो. तिथे हाय व्होल्टेज द्या, कॉमन आणि 1.25 ही दोन टोकं दोन व्हॉल्व्हला. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना काटतो, म्हणून कोअरमध्ये फट नसली तरी चालतं. एकाच ईएल84 च्या अ‍ॅम्पला मात्र हा जुगाड तसाच चालणार नाही.

तोटे? आहेत. फुल व्हॉल्यूमला खालचा ई, म्हणजे 82 हर्ट्झ, थोडा दमतो. आणि त्याचं इन्शुलेशन 100 व्होल्टच्या कामासाठी असतं, तुम्ही देणार 250 च्या वर. म्हणून जोडण्याआधी एखाद्या वाइंडिंगवाल्याकडून 1000 व्होल्टच्या मेगरवर तपासून घ्या, वाइंडिंग ते वाइंडिंग आणि वाइंडिंग ते कोअर. नापास झाला तर परत करा, भावनिक होऊ नका.

हे नको असेल तर वाइंडिंगवाल्याकडूनच नवा गुंडाळून घ्या. माझ्या भावाने शेवटी हेच केलं. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, मोटर आणा, स्टॅबिलायझर आणा. हे गाण्याचं काम आपण करत नाही.’ मग भावाने कागदावर लिहून दिलं: 8000 ओम मधल्या टॅपसकट, दुसरीकडे 8 ओम, 15 वॉट, प्रायमरी दोन भागांत आणि सेकंडरी त्यांच्या मध्ये, प्रत्येक थरात कागद. वेढ्यांचं प्रमाण 31.6 ला 1. दुकानदाराने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘असं सांगा ना, हा तर ट्रान्सफॉर्मरच आहे!’

तपासायची पद्धतही सोपी: 8000 वाल्या बाजूला 12 व्होल्ट एसी द्या, स्पीकरच्या बाजूला 0.38 च्या जवळपास यायला हवेत. उलटं कधीच करू नका. स्पीकरच्या बाजूला 6 व्होल्ट दिले तर पलीकडे 190 उभे राहतात.

‘पण लोकल मालाला तो टोन येईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. जरा इतिहास. 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात अमेरिकन फेंडर बेसमनच्या धर्तीवर अ‍ॅम्प बनवायला घेतला. फेंडरचा माल आयात करणं महाग पडायचं म्हणून! त्या सुरुवातीच्या जेटीएम45 मध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मर होते रेडिओस्पेअर्सच्या कॅटलॉगमधले, जो धंदा रेडिओ दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग पुरवायचा. म्हणजे जवळ जे मिळालं ते. आज जग त्या आवाजासाठी वेडं आहे. शिवाय गिटारचा स्पीकर 5 हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही. हाय-फायवाल्यांचा महागडा ट्रान्सफॉर्मर इथे वाया जातो.

वाचवलेले पैसे कुठे घालायचे? फ्यूज, तीन पिनांची वायर, पत्र्याला पक्कं अर्थिंग आणि कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर. स्विच बंद केला तरी कपॅसिटर व्होल्टेज धरून बसतो. मोजल्याशिवाय हात घालू नका, आणि मोजताना दुसरा हात खिशात. हे शंभर रुपयांचं सामान ज्याला महाग वाटतं, त्याने पेडल घ्यावं आणि सुखी राहावं.

रेडिओ जागेवर आहे. त्याच्या शेजारीच अ‍ॅम्प ठेवलाय, मावशीने त्यालाही कव्हर विणायला घेतलंय. भावाने तिला मोठ्या मुश्किलीने समजावलं, हा तापतो गं, ह्याला उघडंच राहू दे.

आणि हो, खरेदीला जाताना लॅपटॉपची सॅक नेऊ नका. तीन-चार ट्रान्सफॉर्मर झाले की तिचे बंद तुटतात. भाजीची कापडी पिशवी बेस्ट!