काळ्या घोड्यावर कोण बसलंय?

सहा डिसेंबरला आपण मुंबईला जातो. औरंगाबादेहून, म्हंजे आताच्या सरकारी कागदावरच्या छत्रपती संभाजीनगरहून, रात्रीची गाडी. सकाळी दादर. चैत्यभूमीची रांग. मग शिवाजी पार्कावरची पुस्तकं. ते झालं की कुणी कुणी समुद्र बघायला गेटवेला जातात. मी आणि नागसेनवनातले चार दोस्त असेच गेलो. तिथून चालत काळ्या घोड्याला आलो. गळ्यात निळे रुमाल, हातात पुस्तकांच्या पिशव्या.

एका गॅलरीच्या दारात वॉचमननं हात आडवा केला.

"काय काम आहे?"

काम! चित्र बघायला काय काम लागतं? आमच्या पुढं दोघं आत गेली होती. त्यांना कुणी काम विचारलं नव्हतं. आम्ही वाद घालायला लागलो तेव्हा कळलं, वॉचमन जालन्याकडचा. आपलाच. हळूच जय भीम घातला आणि म्हणाला, "दादा, जा तुम्ही आत. पण एकेक जण जा. साहेब मला बोलतो."

त्या गॅलरीचं नाव घेत नाही. रोग एकटीचा नाही. आणि वॉचमनवर तर मुळीच राग नाही. आपल्याच माणसाच्या हातात काठी द्यायची आणि त्याला दारात उभं करायचं, ही जुनी रीत आहे. आपला आज्जा वेसकर होता. गावाची वेस राखायची त्यानं आणि राहायचं वेशीबाहेर. आज वेशीचं नाव गेट झालं, एवढंच.

तेव्हाच ठरवलं, ह्या काळ्या घोड्याचा एकदा हिशोब मांडायचा.

दोस्तहो, काळा घोडा म्हंजे काय? मुंबईच्या कोटातली, फोर्टातली, सगळ्यात सजवलेली जागा. एका चौकाच्या आसपास म्युझियम, जहांगीर आर्ट गॅलरी, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, डेव्हिड ससून लायब्ररी, एल्फिन्स्टन कॉलेज. पलीकडं राजाबाई टॉवर. १९९९ पासून इथं कलेचा उत्सव भरतो. २०१८ साली युनेस्कोनं ह्या भागातल्या इमारती जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. वारसा! शब्द ऐकायला गोड. पण वारसा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणाचा? आणि दुसरा, मयत कोण?

आधी घोडाच घ्या. १८७५-७६ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात फिरून गेला. पुढं तो सातवा एडवर्ड झाला. त्याचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा अल्बर्ट ससून यानं १८७९ मध्ये इथं बसवला. लोकांनी राजाचं नाव घेतलंच नाही. ब्राँझ काळपट, म्हणून काळा घोडा. आपल्या साध्या माणसांनी साम्राज्याची अशी फजिती केली. मग १९०५ च्या नोव्हेंबरात त्याच एडवर्डचा पोरगा, तो पण प्रिन्स ऑफ वेल्स, इथं आला आणि म्युझियमची कोनशिला बसवून गेला. बापाचा घोडा, पोराचं म्युझियम. जॉर्ज विटेट नावाच्या साहेबानं नकाशा काढला. इमारत १९१४ साली तयार झाली. महायुद्धात तिचं लष्करी हॉस्पिटल केलं. म्युझियम म्हणून उघडलं ते १० जानेवारी १९२२ ला, गव्हर्नरच्या बायकोच्या हातानं. दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. कोनशिलेवर युवराज आला, उद्घाटनात लेडी लॉइड आली. कुर्ल्याच्या खाणीत सुरुंगाची भोकं पाडणारा, डोक्यावर खडी वाहणारी, ती मात्र कुठंच आली नाहीत.

आता पैसा. हा भाग कुणाच्या पैशानं उभा राहिला? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर तुटून पडल्या. भाव आभाळाला गेले. मुंबईत सोनं ओतलं गेलं. त्याच दशकात कोटाच्या भिंती पाडल्या आणि मोकळ्या जागेवर ह्या गॉथिक इमारतींची रांग उभी राहिली. प्रेमचंद रायचंद कापसाच्या सट्ट्यात राजा झाला आणि त्यानं विद्यापीठाला मनोऱ्यासाठी पैसा दिला. आईच्या नावानं राजाबाई टॉवर. ससून घराण्याचा धंदा कापसाचा, आणि अफूचा. चीनची पिढीच्या पिढी झिंगवून मिळवलेला पैसा दानधर्मात पांढरा झाला.

आणि कापूस पिकवणारा, वेचणारा, गाठी वाहणारा कोण? वऱ्हाड-खानदेशातला उन्हात रापलेला माणूस. पुढं तोच माणूस मुंबईच्या गिरण्यांत आला. तिथं काय झालं? विणकाम खात्यात पगार बरा. पण तिथं धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागायचं. अस्पृश्याच्या तोंडाचं सूत सवर्ण विणकराला चालत नव्हतं. म्हणून आपल्या बापजाद्यांना त्या खात्यात प्रवेशच नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. तेव्हा लक्षात ठेवा, ह्या टॉवरचे टोल पडतात ते कापसाच्या पैशावर पडतात, आणि त्या कापसाला आपली थुंकी चालत नव्हती, घाम चालत होता.

डेव्हिड ससून लायब्ररीची गोष्ट तर भारीच. ती मुळात शेठ लोकांची नव्हेच. १८४७ साली टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या कारागिरांनी, फोरमननी स्वतः शिकायला म्हणून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. ससूनचा पैसा आला, १८७० मध्ये देखणी इमारत झाली. आज दारावर नाव कुणाचं? हातोडा चालवणाऱ्याचं की दान देणाऱ्याचं? उत्तर वाचायला आत जायची गरज नाही.

लायब्ररीला लागूनच एल्फिन्स्टन कॉलेज. इथं जरा थांबा. ही आपली जागा आहे. परळच्या चाळीतून एक महाराचा पोरगा ह्या कॉलेजात यायचा. केळुस्करांनी शब्द टाकला, सयाजीरावांनी महिना पंचवीस रुपये दिले. प्रोफेसर मुल्लर त्याला पुस्तकं द्यायचे, कपडे द्यायचे. आणि कॉलेजातला हॉटेलवाला? तो ब्राह्मण होता. त्यानं ह्या पोराला कधी चहा दिला नाही, पाणी दिलं नाही. हा भीमराव पुढं बी.ए. झाला, कोलंबियाला गेला, देशाची घटना लिहिली. आज त्या चौकाच्या चहूबाजूंनी कॉफीची दुकानं आहेत. तिथं पाणी बाटलीतून मिळतं, जात विचारत नाहीत, खिसा विचारतात. वारसा दाखवत फिरवणाऱ्यांनो, ज्या दिवशी एल्फिन्स्टनसमोर उभे राहून तुम्ही आधी त्या न मिळालेल्या चहाची गोष्ट सांगाल, त्या दिवशी तुमची कमान आणि तुमचा कळस आम्ही पण मान वर करून बघू.

पुढं चला. समोरच्या बाजूला नॅशनल गॅलरी. १९९६ पासून गॅलरी. त्याआधी तो सर कावसजी जहांगीर हॉल होता. पुणे करार झाला २४ सप्टेंबर १९३२ ला. सहा दिवसांनी, ३० सप्टेंबरला, ह्याच हॉलमध्ये सवर्ण हिंदूंची मोठी सभा भरली. मदनमोहन मालवीय अध्यक्ष. अस्पृश्यता निवारणाची संघटना काढायचं ठरलं. तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. आपला स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि त्याच्या बदल्यात आपल्याला ह्या हॉलमध्ये सेवक मिळाले! बाबासाहेबांनी नंतर ह्या धर्मादायाचं राजकारण पुस्तकात सोलून काढलं. आज त्या हॉलच्या भिंतीवर चित्रं आहेत. चित्रं चांगली असतील. पण भिंतीला कान असतात म्हणतात, तर त्या भिंतीनं काय ऐकलं ते कोण सांगणार?

आणि आता म्युझियम. १९९८ मध्ये त्याचं नाव बदललं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं. आत जा. तिथं कोण बसलाय? बुद्ध. गांधारचा बुद्ध. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरचा भाजक्या मातीचा बुद्ध. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आज्ञेचा दगड. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खोदला तेव्हा निघालेला करंडक कोटातच, टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीकडं गेला. म्हंजे आपल्या बापाचं सगळं घर ह्या साहेबी वस्तीत काचेच्या पेटीत ठेवलेलं आहे. खाली चिठ्ठी. शतक अमुक, शैली तमुक, माध्यम माती. एवढंच. ह्या बुद्धाला १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसं शरण गेली आणि मेलेला धम्म जिवंत झाला, हे दगडाच्या शतकात बसत नाही. प्रस्थापितांना बुद्ध चालतो, बौद्ध चालत नाही. बुद्ध गप्प बसतो, डोळे मिटतो, दिवाणखान्यात शोभतो. बौद्ध निळा रुमाल घालून दारात येतो आणि त्याला विचारतात, काय काम आहे?

इथं कुणीतरी शहाणा उठून म्हणेल, उगाच आरडाओरडा करता. दार उघडं आहे, तिकीट काढा, या. कुणी जात विचारत नाही.

बरोबर. महाडचं चवदार तळं पण उघडंच होतं. १९२४ मध्ये नगरपालिकेनं ठराव करून ते सर्वांना खुलं केलं होतं. कागदावर. तीन वर्षं कुणाची हिंमत झाली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळ घेऊन उतरले तेव्हा ते तळं खरं उघडलं, आणि त्याबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली. उघडं दार आणि आत जायचा हक्क ह्यांच्यामध्ये अख्खी जातिव्यवस्था उभी असते.

आपल्यातलेही काही दोस्त दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, कशाला हवं आपल्याला त्यांचं म्युझियम? लाथ मारा. मित्रांनो, ही चूक करू नका. लाथ मारायची ती मालकीला, वस्तूला नव्हे. कापूस आपला, दगड फोडणारे हात आपले, बुद्ध आपला. मग बाहेर आपण का राहायचं? गावकुस त्यांनी बांधलं, ते आपण मनात बांधून घ्यायचं काय?

आणि नाव कोरण्याचा प्रश्न आपल्या बुद्धानं दोन हजार वर्षांपूर्वीच सोडवला होता. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावरचा लेख वाचा. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं ते दार केलं असं तिथं लिहिलंय. कुड्याच्या लेण्यात माळ्याचं दान आहे. बुद्धाच्या दारावर सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलं, आणि विसाव्या शतकातल्या सुधारलेल्या मुंबईला आपल्या कोनशिलेवर गव्हर्नर आणि युवराजाशिवाय माणूस दिसला नाही. मग मागासलेलं कोण?

आता घोड्याचा शेवट ऐका. स्वातंत्र्यानंतर राजा नको झाला. १९६५ मध्ये पुतळा हलवला आणि राणीच्या बागेत नेला. चौकाचं नाव मात्र तेच राहिलं. २०१७ साली तिथं पुन्हा काळा घोडा उभा केला. नवा. त्याच्यावर स्वार नाही. पाठ रिकामी. म्हणतात, हे ह्या परिसराचं मुक्त चैतन्य आहे!

आपल्या मराठवाड्यात नवरदेव घोड्यावर बसला तर वरातीवर दगड पडतात. कुणाचे, ते तुम्हाला माहीत आहे. आणि मुंबईत ह्यांना रिकामा घोडा दिसतो, मुक्त दिसतो. ती पाठ रिकामी नाही. तिच्यावर पैसा बसलाय, जात बसलीय, चांगल्या इंग्रजीत बोलणारी अभिरुची बसलीय. राजा दिसायचा तरी. हे स्वार दिसत नाहीत, म्हणून जास्त घातक.

मग करायचं काय? घोषणा देऊन घरी जायचं?

एक. सहा डिसेंबरला मुंबईला गेलात तर काळ्या घोड्याला जा. दहा-दहा, वीस-वीस जण जा. एकेक जाऊ नका. म्युझियमचं तिकीट काढा, बुद्धासमोर उभे राहा, चिठ्ठी वाचा, आणि वहीत आपली चिठ्ठी लिहा. एल्फिन्स्टनसमोर पोरांना न मिळालेल्या चहाची गोष्ट सांगा. तिथून फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजपर्यंत चालत जा. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ते काढलं, कारण दुसऱ्याच्या कॉलेजात आपल्या पोरांनी किती वर्षं तहानलेलं राहायचं?

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. आपल्या गावात बघा. १९५० साली बाबासाहेबांनी ह्या औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं. माळरानाचं नागसेनवन झालं. विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तिथं आज सरकार तिकीट घेतं. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं कुठं आहेत? ती तुमच्या घरात आहेत. पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर, कसर लागलेल्या गठ्ठ्यात. मोर्च्याची पत्रकं, जेलमधली पत्रं, जळालेल्या घरांच्या याद्या, आईनं जात्यावर म्हटलेली भीमाची गाणी. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा १९७८ मध्ये कसा खून केला ते डोळ्यांनी बघितलेली, कानांनी ऐकलेली माणसं म्हातारी झाली. ती जातील. मग पन्नास वर्षांनी कुणीतरी शेठ येईल, आपलं दुःख विकत घेईल, काचेत ठेवेल, खाली लिहील: शैली विद्रोही, माध्यम कागद. आणि आपल्या नातवाला दारात विचारलं जाईल, काय काम आहे?

ते व्हायच्या आधी ट्रंका उघडा. प्रत्येक वस्तीत एक खोली करा. बुद्धविहारातली चालेल, हॉस्टेलातली चालेल. कागद जमा करा, म्हाताऱ्यांना बोलतं करा, लिहून घ्या. प्रत्येक कागदावर तो ज्यानं जपला त्याचं नाव घाला. कार्ल्याच्या सुतारासारखं.

दाराशी वॉचमन ठेवू नका. आणि तो जालन्याचा दोस्त कधी रजेवर गावी आला, तर त्याला पहिल्यांदा आत न्या, खुर्चीवर बसवा, चहा द्या.

जय भीम.