राखणदाराच्या रात्रीची तजवीज

कुत्रा घरी आणावयाचा म्हटले की जात कोणती, रंग कोणता, नाव काय ठेवावे, याची चर्चा घरोघरी रंगते. परंतु जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत, जेथे उसाचा फड अंगणाच्या कडेला येऊन भिडला आहे आणि दिवेलागणीनंतर मोटारसायकलच्या उजेडात बांधावर बिबट्या दिसणे ही बातमी राहिलेली नाही, तेथे या सर्व चर्चेच्या आधी एका प्रश्नाचा निकाल लागला पाहिजे. तो म्हणजे हे जनावर रात्री निजणार कोठे. ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नाही त्याने कुत्रा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि उत्तर आहे, परंतु ते कुत्र्याच्या गळी उतरविण्याइतका धीर नाही, अशानेही थोडे थांबावे.

हा प्रश्न येथेच इतका तीव्र का झाला, याचे कारण गेल्या अर्धशतकात पालटलेल्या शिवारात आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे बांधली गेली, कालव्यांचे पाणी पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यात पोहोचले, निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि जेथे पूर्वी बाजरी डोलत असे तेथे वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस आला. बिबट्याला या फडांत आडोसा मिळाला, पाणी मिळाले आणि वस्तीच्या आसपास भक्ष्यही मिळाले. माद्या फडातच वितात. तोडणीच्या हंगामात सरी मोकळी होता होता पाचटात पिल्ले सापडतात. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके मिळून झालेल्या जुन्नर वनविभागाच्या दप्तरी बिबट्याचे प्रकरण मिटल्याची नोंद अद्याप होऊ शकलेली नाही.

बिबट्या वस्तीपाशी काय खातो, याचा शास्त्रशुद्ध शोध शेजारच्याच अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठेचे नमुने तपासून घेतला आहे. वजनाच्या हिशेबाने तेथील बिबट्याच्या आहारात 87 टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि एकूण आहारातील 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा होता. त्याच मुलखात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा मात्र 11 टक्केच भरला. शेळीचे मांस बिबट्याला गोड लागत नाही असे कोणी म्हणणार नाही. शेळी संध्याकाळी आत घेतली जाते, कुडाला किंवा जाळीला कडी लागते, आणि कुत्रा बाहेर राहतो, हाच त्याचा उघड अर्थ आहे. ज्या घरात शेळीच्या रात्रीची तजवीज पिढ्यान्पिढ्या होत आली, त्या घराने कुत्र्याच्या रात्रीचा विचार केला नाही, एवढीच ही कथा आहे.

त्यातही साखळीने बांधलेल्या कुत्र्याची अवस्था सर्वांत करुण. मोकळ्या कुत्र्याला निदान पळण्याची, खाटेखाली शिरण्याची, दार खरवडण्याची संधी असते. बांधलेल्याला तीही नाही. हल्ली वस्त्यांवर लावलेल्या कॅमेऱ्यांतून टिपलेली जी दृश्ये मोबाइलवर फिरतात, त्यांत हे पुरेसे स्पष्ट दिसते: ओसरीच्या पायरीशी कुत्रा अंगाची मोटकुळी करून निजलेला आहे, अंगणाच्या अंधाऱ्या कडेने बिबट्या पोट जमिनीला लावून सरकत येतो, झडप पडते, साखळी ताठ होते, आणि घरातले दिवे लागेपर्यंत सारे आटोपलेले असते. हा प्रसंग पाहून हळहळणारे आपण दुसऱ्या आठवड्यात नवे पिल्लू आणतो आणि त्याच खुंट्याला, त्याच साखळीने बांधतो.

यावर जुन्या मंडळींचा आक्षेप असतो तो असा: "राखणीला आणलंय, कोंडून ठेवायला न्हाय." हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण एकाकी मळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला, रात्रीच्या विजेच्या पाळीप्रमाणे पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला, कुत्र्याच्या भुंकण्याचा खरोखरच आधार असतो. परंतु राखण म्हणजे चाहूल लागताच सावध करणे, आणि ते काम कुत्रा नाकाने, कानाने आणि घशाने करतो. या तिन्ही गोष्टी जाळीच्या आतूनही तितक्याच चालतात. बिबट्याशी झुंजणे हे त्याचे काम नव्हे आणि त्याच्या आवाक्यातलेही नव्हे. उलट, उघड्या अंगणात निजलेला कुत्रा बिबट्याला त्या दारापर्यंत येण्याची सवय लावतो, आणि त्याच दाराआड आजी आणि नातवंडे निजलेली असतात. गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधण्याचा उपाय कुत्र्यांसाठी परिचित आहेच. 2025 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात मनुष्यहानीनंतर माणसांवरही तसे पट्टे घालण्याची पाळी आली. पट्ट्याने मान कदाचित वाचेल, दारापर्यंतची वाट मात्र बंद होणार नाही.

तेव्हा रात्रीसाठी बंद जागा हवी, हे एकदा मान्य झाले की ती कशी असावी हे ठरते. शहरातील दुकानात मिळणारा घडीचा तारेचा पिंजरा घराच्या आत ठेवण्यापुरता ठीक आहे. अंगणात ठेवल्यास त्याच्या तारा पंजाला दाद देणार नाहीत असे समजणे भोळेपणाचे होईल. बाहेरच ठेवावयाचा असेल तर गावातील वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा सांगाडा, पंजा आत शिरणार नाही इतकी बारीक व जाड तारेची जाळी, वरून पक्के छप्पर, खालून फरशी आणि दाराला कडी-कोयंडा, एवढे करून घ्यावे, आणि तो पिंजरा घराच्या भिंतीला लागून, माणसांच्या आवाजाच्या टप्प्यात ठेवावा. कुत्रा उभा राहू शकेल, वळू शकेल, पाय ताणून निजू शकेल, एवढी ऐसपैस जागा हवी. भिंतीकडच्या बाजूखेरीज आणखी दोन बाजू पोत्यांनी झाकल्या तर वारा अडतो आणि जनावराला आडोसाही वाटतो.

परंतु पिंजरा तयार झाला म्हणून काम झाले, असे नाही. रस्त्यावर वाढलेला, कालपर्यंत चहाच्या टपरीपासून एसटी स्थानकापर्यंतचा मुलूख ज्याच्या मालकीचा होता, असा कुत्रा आज कोणी उचलून लोखंडी दाराआड ढकलला, तर त्याच्या लेखी ती कैदच होय. तो रात्रभर केकाटतो, गज चावतो, नखे रक्ताळून घेतो. शेजारी त्रासतात, घरधनी वैतागून दार उघडतो, आणि कुत्रा पुन्हा ओसरीवर जातो. दोष येथे पिंजऱ्याचा नसून घाईचा असतो. गंमत अशी की आमच्या शेतकऱ्याला या बाबतीत कोणी काही शिकवावे अशी स्थितीच नाही. खोंडाला औताला लावताना तो पहिल्याच दिवशी नांगर जुंपत नाही; आधी नुसते जू मानेवर ठेवून हिंडवतो, मग रिकामे औत, आणि नंतर भार. कुत्र्याच्या बाबतीत हाच शिरस्ता पाळावयाचा आहे.

पहिले काही दिवस पिंजऱ्याचे दार उघडेच बांधून ठेवावे. आत घरात वापरलेली जुनी गोधडी अंथरावी, म्हणजे तिला माणसांचा वास राहतो, आणि कालवणात कुस्करलेली भाकरी उंबऱ्याच्या थोडी आत ठेवावी. कुत्रा प्रथम लांबून मान ताणतो. मग पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, शेपूट खाली, असा उभा राहून घास उचलतो आणि बाहेर येऊन खातो. या वेळी मागून ढकलण्याचा मोह ज्याने आवरला त्याचे निम्मे काम झाले. थाळी रोज वीतभर मागे सरकवावी. सर्व अंग आत घेऊन तो निवांत खाऊ लागला की खाणे चालू असतानाच दार ओढून घ्यावे आणि संपण्याच्या आत उघडावे. पुढे खाणे झाल्यावर काही क्षण, मग काही मिनिटे, मग घरातली माणसे दृष्टीआड होऊन परत येईपर्यंत, असा अवधी वाढवीत न्यावा. हे सारे दिवसाउजेडी करावे. कोणाला यास आठवडा लागतो, कोणाला महिना. तोपर्यंत रात्री त्याला दार लावलेल्या खोलीत माणसांजवळ निजवावे, कारण शिक्षण अपुरे आहे म्हणून बिबट्या थांबत नाही.

आत असताना कुत्रा कुरकुरला तर काय करावे, याविषयी तारतम्य लागते. नुसती कुरकुर असेल तर तो शांत झाल्याच्या क्षणी दार उघडावे, म्हणजे शांत राहिल्याने दार उघडते हे त्याला कळते. परंतु लाळ गळते आहे, धाप लागली आहे, दात गजांवर घासले जात आहेत, अशी चिन्हे दिसली तर तो हट्ट नव्हे, भय होय. तेव्हा दार उघडून आपण दोन पायऱ्या मागे यावे आणि पुन्हा आरंभ करावा. लहान पिल्लाला लघवी फार वेळ धरवत नाही. रात्री एक-दोनदा त्याला बाहेर न्यावे लागते, आणि या मुलखात ते विजेरी व काठी घेऊन, शक्यतो दुसऱ्या माणसाला सोबत घेऊनच न्यावे. निजण्यापूर्वी चांगले फिरवून आणलेला कुत्रा लवकर झोपतो. आणि एक पथ्य कधीही मोडू नये: रागाच्या भरात, शिक्षा म्हणून त्याला पिंजऱ्यात टाकू नये. ज्या जागेचा धाक बसला तेथे झोप लागत नाही.

रात्रीच्या बंदोबस्ताचे निमित्त करून दिवसभर कोंडून ठेवणारेही निघतील. त्यांच्यासाठी कायदा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमाने पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणे, आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे, आणि नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरण्याचा व्यायाम न देणे, हे तिन्ही गुन्हे ठरविले आहेत. सूर्योदयानंतर दार उघडे, हा नियम कायद्यालाही धरून आहे आणि कुत्र्याच्या मनःस्वास्थ्यालाही.

या बाबतीत खेड्यापेक्षा शहराची जबाबदारी मला अधिक वाटते. जुन्नरला 2018 मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. दोन्ही तालुक्यांत पुण्या-मुंबईकरांची शेतघरे आहेत, आणि अनेकांना तेथे राखणीला कुत्रा हवा असतो. मालक रविवारी येतो, कुत्रा सातही रात्री तेथेच असतो. प्राणिप्रेमी मंडळींनी या भागात कुत्रा दत्तक देताना घरधन्याचा पत्ता लिहून घेण्याबरोबरच रात्रीची जागा डोळ्यांनी पाहावी, आणि ती नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. ग्रामपंचायतींनी आपल्या गावच्या वेल्डिंगवाल्याला एक चांगला नमुना ठरवून द्यावा; गोठ्याच्या जाळीसाठी जे प्रयत्न होतात त्यांत कुत्र्याच्या पिंजऱ्यालाही स्थान असावे; आणि साखर कारखान्यांनी आपल्या सभासदांच्या वस्त्यांसाठी यात वाटा उचलावा, कारण ज्या उसावर ते उभे आहेत त्याच उसात बिबट्याही राहतो.

बिबट्या दिसला की वनखात्याने पिंजरा लावावा, ही मागणी लगोलग होते, आणि भयभीत गावाने ती करणे स्वाभाविक आहे. माणिकडोहच्या निवारा केंद्रात असे जेरबंद झालेले बिबटे आहेतच. परंतु एक बिबट्या नेला तरी फड तसाच उभा असतो, अंगणातला कुत्राही तसाच निजलेला असतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो. बिबट्यासाठीचा पिंजरा शासनाकडून मागावा लागतो. कुत्र्यासाठीचा पिंजरा करणे आणि त्यात निश्चिंत निजण्याची सवय त्याला लावणे, हे मात्र प्रत्येक घरधन्याच्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही कचेरीचा हुकूम लागत नाही.