चिमणीच्या पायातली चिठ्ठी

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ‘फील्ड स्पॅरो’ या रानचिमणीचे कापूस भरलेले जुने नमुने आहेत. अमेरिकेच्या कारखानदारी पट्ट्यातल्या, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चिमण्यांची पोटं काळवंडलेली, अलीकडच्यांची उजळ. शेन डुबे आणि कार्ल फुल्डनर या संशोधकांनी २०१७ मध्ये या चिमणीसह पाच जातींच्या तेराशेहून अधिक पक्ष्यांचे फोटो काढले, पिसांवरून परावर्तित होणारा उजेड मोजला आणि १३५ वर्षांतल्या काजळीचा चढउतार मांडला. १९३०च्या दशकातल्या मंदीत कोळसा कमी जळला, तेव्हा पोटंही उजळली! हे कळलं ते पायाला बांधलेल्या चिठ्ठीमुळे. तारीख आणि ठिकाण नसतं, तर ती नुसती मळकी चिमणी. म्हणूनच संग्रहालयांनी नोंदींवर हात आखडता घेऊ नये, असं आमचं मत आहे.

ही काजळी कपाटातली धूळ कशावरून नाही, ही शंका रास्त आहे. पण पक्षी दरवर्षी पिसं टाकतो, त्यामुळे अंगावरचा मळ त्याच वर्षाचा. शिवाय या पट्ट्याबाहेरचे तितकेच जुने नमुने स्वच्छ निघाले. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: अशा नमुन्यांसाठी पक्षी मारायचे का? आज पुष्कळ प्रश्नांना कॅमेरा पुरतो, तिथे मारू नयेत. मात्र जे शंभर वर्षांपूर्वीच मेले, त्यांची आबाळ करण्यात कसली भूतदया? मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडेही (बीएनएचएस) असा जुना पक्षिसंग्रह आहे. त्यावर होणारा खर्च याच हिशेबाने पाहायला हवा.